शेरा

त्रेसष्ट फायली.
सगळ्या साप चावून दगावलेल्यांच्या,
अंबाजोगाईच्या रेकॉर्ड रूममध्ये सुतळीनं बांधलेल्या.
काहींना कसर, एकीत पाल वाळून चपटी झालेली.

नैतिकता समितीनं पहिल्याच बैठकीत सांगितलं,
नाव काढा, गाव काढा, क्रमांक ठेवा.
मेलेल्यांची संमती कुठून आणणार, ती माफ.
फक्त एक सभासद, निवृत्त पोस्टमास्तर इनामदार,
कपबशी बाजूला सारत म्हणाले,
घरचे आहेत ना जिवंत? पत्ते आहेत ना कागदावर?
पत्ता असून टपाल न पोचवणं
मला जन्मात जमलं नाही.

म्हणून मी पिंपळधोंडीच्या फाट्याला उतरले,
पिशवीत माहितीपत्रक, चार पानी, सोप्या मराठीत,
संमतीपत्र, अंगठ्यासाठी शाईचा पॅड.
क्रमांक एक्केचाळीस.

सोजरबाई सोयाबीन पाखडत होती.
मी सगळं वाचून दाखवलं.
सहभाग ऐच्छिक आहे. माघार कधीही घेता येईल.
नाव कुठंही येणार नाही.
ती म्हणाली, हे झालं तुमचं.
आता मपल्या लेकीचं वाचा.
दवाखान्यात काय लिवलंय तिच्यावर, ते.

हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं,
की समोरचं माणूस मूळ कागदच मागेल.
झेरॉक्स पिशवीत होती.
स्त्री, वय तेरा. मण्यार. रात्री झोपेत.
पापण्या उचलत नाहीत, श्वास मंद.
आणली पहाटे चार पन्नासला.
पाच वीसला मृत घोषित.
आणि खाली, तिरक्या घाईच्या अक्षरात शेरा:
नातेवाईकांनी आधी मांत्रिकाकडे नेल्याने उशीर.

सूप थांबलं.
कोन मांत्रिक?

बाराला चावला, बाई. साडेबाराला आमी
सरकारी दवाखान्याच्या दारात. कुलूप.
शिपाई म्हनला, सुई न्हाई, डॉक्टर केजला.
मग उस्मानभाईची जीप, तिच्यात डिझेल न्हाई.
पंपावरचं पोरगं उठवस्तोवर तीन वाजले.
मांडीवर लेकरू म्हनत हुतं,
आई, डोळे उघडंनात.
कव्हा गेलो आमी मांत्रिकाकडं? कोनत्या?

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी तक्ता काढला.
उशिराचं कारण मांत्रिक: सत्तावीस.
बोलून गेले आणि जीभ चावली.
तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं, सावकाश.
मंजी मपली सोडून सव्वीस.
त्यांच्या घरी इचारलं का कुनी?

जुना कागद बदलता येत नाही, मी म्हणाले,
नियम आहे.
खरा बदलता येऊ नये, ती म्हणाली.
खोटा बी न्हाई व्हय?

पॅडचं झाकण उघडंच होतं. शाई वाळत होती.
अंगठा तिनं पुढं केला नाही.
तुमचं काम वंगाळ न्हाई, बाई.
उद्या कुनाच्या लेकराला सुई घावंल.
पन आदी त्या सव्वीस घरी जाऊन या,
मग या हितं.
आन् नंबर नगं. दैवशाला लिवा.
तेरा वर्सं त्याच नावानं हाक मारली म्या.

परतीच्या एसटीत तक्ता मांडीवर घेतला.
एक्केचाळीससमोर दोनच रकाने,
संमती दिली, नकार दिला.
नकारावर खूण केली असती
तर शेरा तयारच होता: नातेवाईकांनी...
रस्ता उखडलेला, पेन उड्या मारत होतं,
आणि माझं अक्षर येत होतं
तिरकं, घाईचं.

दोन्ही रकाने कोरे ठेवले.
मागच्या कोऱ्या बाजूला समितीला अर्ज सुरू केला:
सव्वीस घरं, एसटीचं भाडं, दोन महिने मुदतवाढ,
शेऱ्याशेजारी घरच्यांचं म्हणणं लिहिण्यापुरती जागा,
आणि एका नावाबद्दल वेगळी परवानगी.
ओळ सरळ यावी म्हणून
गाडी थांबेल तेवढंच लिहीत गेले.