जेवलास का

केपटाऊनच्या आमच्या बाजूने पर्वताची पाठ दिसते.
पोस्टकार्डावर असते ती दुसरी बाजू.
मधे वाळू, वाळूवर तिमजली इमारती,
आणि आग्नेयेकडून सुटणारा वारा, जो
दोरीवरचे कपडे आणि गोळीचा आवाज
सारख्याच बेफिकिरीने उडवून नेतो.

सकाळी पावणेसात. मी नारिंगी जाकीट चढवते.
पाठीवर छापलंय: चालती बस.
चाकं नाहीत हिला. आम्ही सात बायका,
एक गुडघेदुखीचा डेझमंड,
आणि दोरी धरून चालणारी एकेचाळीस पोरं.
आधी एका टोळीची हद्द,
मग मैदान, जे कुणाचंच नाही म्हणून सर्वांत वाईट,
मग दुसऱ्यांची. मग शाळा.

गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली.
शहरातून एक बाई आली होती, तक्ता घेऊन.
पोरं टोळीत का जातात?
इमाम म्हणाले, घरात बाप नाहीत.
ज्यांच्या घरात बाप आहेत त्या बायकांनी खाली पाहिलं.
फौजदार म्हणाला, पैसा. कुणी म्हणालं, बूट.
कुणी म्हणालं, नशा, आणि अर्धा तास नशेत गेला.
डेझमंड म्हणाला, भीती. दोघांचा मार खाण्यापेक्षा
एकाचा बरा.
बाईने सगळं लिहून घेतलं. अक्षर सुरेख होतं.

मी गप्प राहिले.
माझा रिदवान तेव्हा चौदाचा.
मी मासळीच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
मी यायचे तेव्हा तो झोपलेला,
निघायचे तेव्हा तो बाहेर.
गॅसवर काहीतरी झाकून ठेवलेलं असायचं. रोज.
शपथेवर सांगते, रोज.
आठ वर्षांनी तुरुंगातल्या काचेपलीकडून
तो आपणहूनच बोलला:
‘जिन्याखाली नझीम उभा असायचा.
पहिल्या दिवशी त्याने काहीच मागितलं नाही, आई.
एवढंच म्हणाला, जेवलास का?’

आमच्यात कबुतरं पाळणारे पुष्कळ. विचारा त्यांना.
कबूतर कुणी चोरत नाही.
संध्याकाळी ते दमून घिरट्या घालत असतं,
तेव्हा पलीकडच्या गच्चीवरून
डब्यातले दाणे खुळखुळवायचे.
बस.

नझीमला नुसत्या शिव्या देता आल्या असत्या तर सोपं होतं.
पण मी त्याला पाळण्यात पाहिलंय.
त्याची आई तीन बस बदलून
समुद्राकाठच्या बंगल्यांत भांडी घासायला जायची.
त्यालाही कुणीतरी विचारलं असणारच.

आता माझ्या जाकिटाच्या खिशात जॅम लावलेला पाव असतो.
रांगेतल्यांना विचारते,
आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांनाही,
पंधरा-सोळाचे, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.
डेझमंड म्हणतो, गदीजा, तू त्यांना पोसतेस.
हो.
बहुतेक जण हसतात.
एकाने पाव घेऊन समोरच्या भिंतीवर फेकला.
आठवडाभर तिथे मुंग्यांची रांग होती,
आमच्यापेक्षा शिस्तीची.

युसरी बारा वर्षांचा. दोरीला नेहमी शेवटचा.
सोमवारी त्याच्या पायात नवे पांढरे बूट.
मी बुटांबद्दल अवाक्षर काढलं नाही.
विचारलं. तो म्हणाला, ‘हो.’
दहा पावलं गेल्यावर, मागे न पाहता,
‘नाही,’
आणि हात मागे केला.

आज दोरीचं टोक मोकळं होतं.
मी पोरं डेझमंडच्या हवाली केली, माघारी वळले.
जिन्याखाली नझीम. दाढी पिकू लागलीय.
मी तोंड उघडायच्या आत म्हणाला,
‘युसरी घरीच आहे, आंटी. ताप आहे त्याला.
रात्री उलटी झाली.’

खरं असेल.
यालाही ते माझ्याआधी ठाऊक होतं.

मी त्याच्या बाजूने वर गेले.
दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यावर हात ठेवून थांबले.
खिशातला पाव चपटा झाला होता.
दार वाजवलं.
पुन्हा वाजवलं.