अर्ध्याची रेघ

सावद्याहून फैजपूरला जाताना उजव्या हाताला
केळी पिकवायचं एक बंद पडलेलं चेंबर आहे,
त्यात आम्ही इंजिनं मोजतो.
भिंतीत थर्माकोल, दाराला रबर;
कॉम्प्रेसर कधीच भंगारात गेला, तरी
रात्रीचा गारवा इथे सकाळी नऊपर्यंत तग धरतो.
कोपऱ्यात अजून पिकल्या सालीचा वास,
त्यावर रॉकेल, जुनं ऑइल, खरवडलेला कार्बन.

बेंडाळे सिस्टरची फियाट.
बत्तीस वर्षं रावेर, पाल, पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत
बाळंतपणं करत फिरली, सिस्टर आणि गाडी, दोघी.
आता पुलाच्या चढालासुद्धा निळा धूर सोडते.
भाचे म्हणाले, विकून टाका.
सिस्टर म्हणाली, आधी मोजा तर खरं.

ब्लॉक काल संध्याकाळीच धुऊन आत ठेवला,
शेजारी मायक्रोमीटर, पेटी उघडी.
"हात नको लावू," सुभानचाचा म्हणाले,
"रातभर संगं राहू दे दोघायले.
लोखंड गरम आन् माप थंड असलं
त दोघं दोन गोष्टी सांगतात."

पहाटे पाच.
चाचा गेजची दांडी सिलिंडरमध्ये तिरकी सोडतात,
सरळ करतात, आवळतात, बाहेर काढतात,
जबड्यात धरून आकडा बोलतात. मी लिहिते
जिनिंगच्या जुन्या पावतीबुकाच्या पाठीवर.
वर, मध्ये, खाली.
एकदा क्रँकच्या दिशेनं, एकदा आडवं.
गोल होतं ते गोल राहिलेलं नाही;
तळाशी तीन शतांश, मध्ये नऊ,
वर, पिस्टन जिथून माघारी फिरतो तिथे, सोळा, सतरा.
तिथे तो क्षणभर थांबतो ना, चाचांनीच शिकवलेलं,
आग तिथेच जास्त, आणि तेल तिथेच कमी.

त्याच्याही वर एक बारीक कड असते.
रिंग तिथवर कधी पोचलीच नाही.
बत्तीस वर्षांनंतरही तिथे अडुसष्ट म्हणजे अडुसष्ट,
कारखान्यातून निघाली तशी.
मला ती कड आवडते. का, ते सांगता येत नाही.

चौथा सिलिंडर. वरचं माप.
"अडुसष्ट पॉइंट सदुसष्ट."
पेन थांबलं.
शेवटचा ओव्हरसाइज साठचा. सदुसष्ट म्हणजे
स्लीव्ह घाला, नाहीतर ब्लॉक भंगारात.
तिघं भाऊ सतरावर, आणि चौथा एवढा कसा खंगला?
मी वाकून पाहिलं.
आडव्या रेघेखाली अर्ध्याची खूण असते, केसाएवढी.
ती उघडी नव्हतीच.
चाचांनी ती धरली होती.

बाहेर केळीच्या ट्रकनं गिअर बदलला.
मी म्हणाले, "चाचा, अर्धा जास्त लागला का?"

ते काही बोलले नाहीत.
चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला,
परत काढला.
मग चौथ्या सिलिंडरमध्ये अंगठा घालून
नख खालून वर ओढत नेलं, कडेला अडेपर्यंत.
पुन्हा एकदा. मग पहिल्यात. मग परत चौथ्यात.
"सतरा," म्हणाले. "सदुसष्ट नाही."
नखात काळं होतं. ते पाहत राहिले.
"कव्हापासून दिसते तुले?"
"आजच."
खोटं होतं. दिवाळीपासून
त्यांचे आकडे मी गुपचूप दुसऱ्यांदा मोजत होते.
त्यांनाही ते ठाऊक असावं;
कारण त्यांनी मायक्रोमीटर माझ्याकडे सरकवला,
फडक्यासकट, हाताची ऊब लागू नये म्हणून,
आणि पावतीबुक आपल्याकडे ओढलं.
"बोल. क्रँक राह्यला."

मी बोलत गेले, ते लिहीत गेले.
एकेक आकडा दोन ओळी खाणारा,
भिंतीवर दर लिहावा तसा मोठा.
पान लवकर भरलं.

साडेआठला सिस्टर आली, छत्री मिटत.
"मरते का जगते?"
चाचांनी माझ्याकडे पाहिलं.
"चाळीसचा ओव्हरसाइज," मी म्हणाले. "चारही. क्रँक घासून घेऊ."

ते मायक्रोमीटर पेटीत ठेवत होते.
जबडा पुरता मिटायचा नसतो,
कागद जाईल एवढी फट ठेवायची.
त्यांनी ती ठेवली,
न बघता.