पार्किंगची वायर

मार्केट यार्डातून थेट आमच्या दारात,
शंभर फुटीवर, एक ओम्नी
टपापासून चाकांपर्यंत पिवळी.
हळदीचा सीझन. आभाळ कोरडं ठणठणीत
आणि पिराजी म्हणतोय, वायपर बघा.

'पावसाला अजून तीन महिने आहेत,' मी म्हणाले.
'पाऊस कुणाला पायजे? काच दिसू दे.
बटण बंद केलं की पातं जाग्यावर मरतंय,
बरोब्बर डोळ्यासमोर.
मिरजेपासनं मान वाकडी करून आलोय.'

बाबालालचाचा हसले नाहीत.
ते गाडीला हसत नाहीत.
'फ्यूज?'
'बघितला. चांगलाय.'
'अर्थ?'

आमच्यात अर्थ म्हणजे
बॉडीला बोल्टानं आवळलेली काळी वायर.
निम्मे फॉल्ट तिथंच असतात.
गंज खरवडायचा, रंग खरवडायचा,
खाली चकचकीत पत्रा दिसला
की अर्थ लागतो.
इथं तो लागलेलाच होता.

मग मोटर काढली.
आत तीन कार्बन:
दोन समोरासमोर, सावकाश चालीचे,
तिसरा तिरका, घाईच्या वेळचा.
हे मला आयटीआयत फळ्यावर शिकवलं होतं.
खालचं चाचांनी शिकवलं.

प्लास्टिकचं दातेरी चाक, त्यावर तांब्याची गोल पट्टी,
एका जागी तुटलेली.
'तुटलेली नाही, तोडलेली,' चाचा म्हणाले.
'ती खाच म्हणजे पात्याचं घर.
बटण बंद म्हणजे करंट बंद, असं नसतंय पोरी.
एक वायर पाठीमागनं चालूच असती.
पातं कुठंही असू दे, वर, मध्ये,
त्याला खाली आणून टेकवती, मगच सोडती.
आणि सोडताना मोटरीला अर्थावर धरती,
म्हणजे पुढं घरंगळायला नको.'

पट्टी हिरवी पडली होती.
मी झिरो नंबरचा कागद फिरवला,
तांबं उजळेपर्यंत.

'आता रंग सांग,' ते म्हणाले.
'निळी.'
'दुसरी?'
'पिवळी, वर काळी रेघ.'
'तीच. तिला जपून.'
दिवाळीपासून ते मला रंग विचारतात.
आधी वाटलं, परीक्षा घेतात.
आता मी विचारायच्या आधीच सांगते,
वायर त्यांच्या बोटांत देते.
बोटं चुकत नाहीत.
आम्ही दोघं त्यावर काही बोललेलो नाही.

राहिला पाण्याचा पंप.
दांडी ओढली की घुर्र वाजायचा,
पाणी नाही.
आवाज आहे म्हणजे करंट आहे, म्हणजे वायरिंगचं पाप नाही.
नळीत शेवाळ, नोझलात हळद.
ओढणीची टाचणी काढून मी दोन्ही भोकं मोकळी केली.
'बाटलीत काय ओतलंयस?'
'पाणी,' पिराजी म्हणाला. मग जरा थांबून,
'आणि मूठभर निरमा.'

दांडी ओढली.
दोन बारीक धारा उठल्या, काचेवर पडल्या
आणि सगळी काच
लालभडक झाली.
पिराजीनं तर हातच जोडले.
हळद आणि सोडा, दुसरं काय!
पाती त्या कुंकवातून सपासप फिरली.
मी बोट काढलं. धार थांबली.
रिलेनं अजून तीन फेरे मारले,
त्याच्या पोटातला कॅपॅसिटर रिता होईपर्यंत,
आणि पाती खाली येऊन
रबरावर निजली.

'काय झालं गं? का ओरडला तो?'
'लाल झाली काच, चाचा.'
ते स्टुलावरून उठले.
बॉनेटला चाचपत आले,
काचेला नाक टेकेपर्यंत वाकले,
कडेला उरलेल्या ओल्या रेघेकडे बघत राहिले.

'हां,' म्हणाले,
आणि पहिल्यांदाच एका गाडीला हसले.
'एवढं दिसतंय.'