रकाना नववा

तक्ता मीच केला होता.
मुहर्रकच्या त्या गल्लीतली एक्केचाळीस घरं,
पोवळ्याच्या दगडाची, चुन्याला पोपडे आलेली,
दारादारावर लाल फवाऱ्याने मारलेले आकडे.
रकाने आठ: मालक, वारस, चौरस मीटर, भेगा,
विजेचं मीटर, पाण्याचं मीटर, किंमत, संमती.
नववा शेवटी ओढला, बारीक,
कागदावर जागा उरली होती म्हणून:
इतर.

पालिकेने पाडायचं ठरवलं त्याला दोन वर्षं झाली.
संसदेला जाग आली आत्ता,
कुणाच्या तरी काकाचं घर यादीत निघालं तेव्हा,
असं चहावाला कुन्हाली म्हणतो. खरंखोटं तोच जाणे.

आमच्या गावी ग्रामसभा भरायच्या आधीच
शिपाई घरोघर सह्या घेऊन जायचा.
इथे निदान प्रश्न विचारतात,
आणि उत्तराला मुदत असते, पंधरा दिवसांची.
(त्या पंधरा दिवसांत दोन घरांची छपरं उतरली.
धोकादायक होती, असं उत्तरात आलं.)

समितीच्या खोलीत ऑगस्टातही हुडहुडी.
एकाने किंमत विचारली, दुसऱ्याने ठेकेदार,
कुणाच्या सहीने, कोणत्या तारखेला,
आणि संचालक दर प्रश्नाला घोटभर पाणी प्यायले.
नजीबा बाई मात्र चष्मा कपाळावर ढकलून
कागद डोळ्यांशी धरून वाचत होत्या.
त्यांचं बोट कडेला येऊन थांबलं.
इतर म्हणजे कोण?

संचालकांनी सल्लागाराकडे पाहिलं,
सल्लागाराने माझ्या साहेबांकडे,
साहेबांनी माझ्याकडे.
माझ्या मागे भिंत होती.

उभा राहिलो. मोडक्या अरबीत म्हणालो,
भाडेकरू. खोल्यांतले. दोनशे बारा.
नावं?
नावं घ्यायला सांगितलं नव्हतं, बाई.
हे वाक्य तेवढं न अडखळता आलं.

इब्राहिम चौगुले, शिंपी, मूळ दाभोळचा,
अठ्ठावीस वर्षं याच गल्लीत छात्या मोजतोय,
संचालकांच्या थोबची लांबी त्याला तोंडपाठ,
तक्त्यात तो घर क्रमांक बारामधल्या तिघांतला एक.
खुबूसच्या भट्टीवरचे चौघे
दोन गाद्यांवर पाळीपाळीने झोपतात.
त्यांना मी दोन धरलं होतं.
गाद्या मोजल्या होत्या.

मग आठवडाभर, इशाच्या अजानीनंतर,
वही घेऊन जिने चढलो.
कुणी दार उघडलं, कुणी दिवा मालवला.
कुणी विचारलं, नाव दिलं तर राहता येईल, की आधी काढतील?
मी म्हणालो, समितीने मागितलंय.
तो म्हणाला, ते ठीक. पण काढतील का?
मी पुढचा जिना चढलो.

दोनशे एकोणचाळीस.
साहेब वैतागले, आकडा वाढला कसा?
काही बोललो नाही. यादी प्रिंटरला लावली,
मग परत थांबवली.

चौगुल्याच्या दुकानावर, मागच्या लोखंडी जिन्याने,
एक खोली आहे. खिडकीत तुळस नाही, पुदिना आहे.
तिचं भाडं मी भरतो, दर महिन्याच्या पाच तारखेला.

दोनशे चाळीसावं नाव लिहायला बसलो: पडवळ.
अरबीत प नाही. ळ तर नाहीच.
बदवल झालं.
दोनदा खोडून पाहिलं,
मग तसंच ठेवलं.