कडेवर

दीपनगरला मे महिन्यात
राखेच्या सायलोवर रंगकाम पहाटेच उरकायचं.
नवानंतर पोलादाचा तवा होतो;
बंदुकीतून सुटलेला रंग
पत्र्याला टेकायच्या आतच वाळतो
आणि खरखरीत बसतो, पिठाळ भाकरीसारखा.

मी मायक्रॉन मोजणारा माणूस.
खिशात यंत्र, वहीत आकडे.
सपाटीवर दोनशे चाळीस. दोनशे पंचावन्न. पास.

रुबाब तडवी यंत्राकडे बघतही नाही.
पट्ट्याला डबा, दोन बोटांचा झिजका ब्रश.
फवाऱ्याच्या आधी
एकेका बोल्टाभोवती, एकेका अँगलच्या कडेला
हातानंच एक हात मारून ठेवतो.
"कडीवर रंग राह्यत नाही साहेब,
दोहीकडं सरकून जातो.
गंज तिथूनच घुसतो."

कंत्राटात हा हात नाही.
बिलात त्याची ओळ नाही.
शेजारच्या जुन्या सायलोवर, आठव्या मजल्याइतक्या उंचीवर,
बोल्टाबोल्टाखाली तपकिरी ओघळ;
तिथलेही आकडे पास होते,
वहीत सही माझीच.

खाली उतरलो तेव्हा
त्याची नात डबा घेऊन आलेली,
राखेनं भुवया पांढऱ्या झालेली.
त्यानं तिला उचललं,
रंगाचे हात तिच्या फ्रॉकला लागू नयेत म्हणून
नुसत्या कोपरांत धरलं, म्हणाला,
"कडीवर घेतलं का
एक हात जास्तीचा लागतोच."

यंत्र कडेला टेकवून पाहिलं.
आकडा थरथरत राहिला,
ठरेना.
त्या रकान्यात मी काहीच लिहिलं नाही.