पाऊण लिटर

वैजू ओहायोतून सांगते, बाबा, आज तीन एकोणतीस.
त्याच्या वर एक बारीक नऊ असतो, सेंटचाही दशांश,
तो मी धरत नाही, म्हणते.
मी धरतो.
एकतीस वर्षं वैधमापन खात्यात काढली आहेत मी.

पाच लिटरचं माप घेऊन
हडपसर ते चांदणी चौक, पंपामागून पंप.
नळी बंद करायची, फेस बसेतो थांबायचं,
मग डोळा रेषेशी आणायचा, मान मोडली तरी.
पंचवीस मिलीपर्यंत माफ. त्यापुढे सील.
मालक चहा मागवायचे,
तो निवत राहायचा काउंटरवर.

तर मी हिशेब केला, पाठकोऱ्या वीजबिलावर.
गॅलन म्हणजे साडेचार लिटर आणि वर एक घोट,
हे माझे वडील सांगत. खडकीच्या डेपोत
ट्रकना मोजून देत ते, तेव्हाच्या डब्यांनी;
हातांना येणारा वास जेवतानाही जात नसे.
डॉलर धरला चौऱ्याऐंशीला.
एकसष्ट रुपये लिटर!
आणि आपण इथे एकशे चार मोजतोय.

हे मी कर्वे रस्त्याच्या पंपावर रांगेत जाहीर केलं.
मागचा रिक्षावाला म्हणाला, मग जा की तिकडे.
पुढचे गृहस्थ म्हणाले, तिथे रस्तेही असतात.
नळी हातात घेऊन रेश्मा तांबोळी म्हणाली,
झिरो बघा काका.
आणि मग, टाकीत वाकूनच,
त्यांचा गॅलन बारका असतो. पावणेचार लिटर.
तुम्ही इंग्रजांचा धरलाय.

सकाळी कॉलेज, दुपारी पंप, वय एकोणीस असेल.

घरी येऊन पुन्हा मांडलं. त्र्याहत्तर.
गॅलनमागे पाऊण लिटर हवेत.
पंचवीस मिलीला मी लोकांचे पंप बंद केले आहेत.

तसं आपलंही काय ठिकाणावर आहे?
रमजानभाई हवा भरताना विचारतो, तीस की पस्तीस,
काय तीस ते त्यालाही ठाऊक नाही, मलाही नाही,
म्हणजे मला आहे, पण मी सांगत बसत नाही.
फ्लॅट फुटांत, पडदे मीटरात,
वैजूच्या पाटल्या तोळ्यांत,
आणि गाडी किती देते विचारलं
की सगळे थोडं वाढवूनच सांगतात.

रविवारी फोनवर म्हटलं, अगं, तुमचा गॅलन लहान निघाला.
हसली. म्हणाली, इथलं काहीतरी लहान आहे
हे ऐकून बरं वाटलं बाबा.
हवा कशी आहे? वीस, म्हणाली.
वा, म्हटलं, म्हणजे शालीवर भागेल.
ती काही बोलली नाही. मग हळूच,
बाबा, आमचे वीस म्हणजे तुमचे उणे सात.
गाडी सुरू होत नव्हती सकाळी.
निषाद तापलाय, त्याला घेऊन
शेजारणीच्या गाडीतून गेले डॉक्टरकडे.

किती आहे ताप?
एकशे एक.

हा आकडा मला भागावा लागला नाही, गुणावाही नाही.
खडकीच्या घरातला थर्मामीटर हेच आकडे दाखवायचा,
आई झटकून उजेडात धरायची तो.
मी म्हटलं, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेव,
आणि दोन तासांनी पुन्हा बघ.
हो, म्हणाली, लहानपणी म्हणायची तशी.

आज पुन्हा पंपावर. दोनशे दहाचं टाक, म्हटलं.
पुण्यात लिटर कोणी मागत नाही,
आणि दोनशेला काटा मारतात म्हणून वर दहा.
याने काडीचा फरक पडत नाही,
हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?
तरी दोनशे दहा.

रेश्माने विचारलं, मुलीकडे कसं आहे काका?
म्हटलं, नव्व्याण्णववर आलाय.
ती क्षणभर आकड्यांच्या काचेकडे बघत राहिली,
कोणत्या भावाबद्दल बोलतोय मी, तिला उमगेना.
मग म्हणाली, झिरो बघा.
बघितला.