बॅटरी धरणारा

पाण्याचा पंप लावला की दिवे मंदावतात,
दिवे मालवले की पंप सुसाट.
एका ताटात जेवणाऱ्या अबोल भावांसारखं चाललंय त्यांचं.
बाहेर गॅलोवेचा वारा, समुद्र कुठेतरी काळ्यात काळा,
आणि शेजारच्या जागेवरचं डच कुटुंब
लख्ख उजेडात पत्ते खेळतंय.

"बॅटरी गेली असेल," मी म्हणतो.
सेंगा म्हणते, "असेल-बिसेल नको. मोजू."

किलमार्नॉकच्या बस डेपोत एकतीस वर्षं
तिनं डबलडेकरांच्या पोटात हात घातलेत.
मी विम्याचे फॉर्म भरले.
तिच्या आजीचं नाव ॲग्नेस. नातीला तेच दिलं,
फक्त शेवटाकडून सुरुवातीकडे:
जन्मापासून पोलॅरिटी उलटी, ती स्वतःच सांगते,
आणि मीटरच्या तारा लावते,
लाल लालला, काळी काळीला.

माझं काम बॅटरी धरणं.
म्हणजे हातातली. मोठी दाराजवळच्या खणात आहे,
तिच्यावर उजेड पाडायला ही छोटी.
"वर नको. खाली. माझ्या बोटांवर.
तुझ्या बुटांवर नाही."

बारा पूर्णांक सहा. बॅटरी ठणठणीत.
पंप चालू: बारा पूर्णांक चार. तरी ठणठणीत.
एकेक फ्यूज उपटून ती डोळ्यांसमोर धरते,
तांदूळ निवडावेत तशी. खडा सापडत नाही.
छताच्या दिव्यापाशी मात्र नऊ पूर्णांक तीन.
तीन व्होल्ट वाटेत कुणीतरी खाल्लेत.
"जाताना नाही," ती म्हणते. "येताना."

मला वाटायचं, वीज दिव्यापर्यंत जाते
आणि तिथेच संपते, पगारासारखी.
"तिला परत यावं लागतं रे.
परतीची वाट धड नसली
की ती कुणाच्याही अंगणातून घुसते.
परवा डावा सिग्नल दिलास,
तेव्हा ब्रेकचे दिवे का मिचकावत होते?"

परवा मागचा लॉरीवाला हॉर्न मारत होता.
मी त्याला हात केला होता.

या जुन्या कॅराव्हॅनमध्ये सगळ्यांचा अर्थ एकाच बोल्टावर.
पायपुसणं अंथरून सेंगा ओल्या गवतात उताणी,
मी गुडघ्यांवर, बाही भिजलेली.
एक टोक बॅटरीच्या काळ्या खुंटीला, दुसरं चॅसिसला.
शून्य यायला हवं.
येतं तीन पूर्णांक एक.
"अर्थ लागत नाहीये," ती खालून ओरडते.
हे वाक्य मी आमच्या घरात पूर्वीही ऐकलंय,
पण इतकं खुशीत कधी नाही.

मग ती कानस मागते.
बोल्ट खरवडताना पापुद्रे
तिच्या गालावर पडतात. राखाडी, चकचकीत.
तो रंग मी ओळखतो.
मार्चमध्ये ती बहिणीकडे गेली होती,
तेव्हा गंज चढू नये म्हणून दोन हात दिले होते मी,
बोल्ट सोडवून, रिंगच्या खाली, वर, आत,
हौसेनं.

ती एक पापुद्रा बोटावर घेते, उजेडात धरते.
माझा उजेड जरा हलतो.
"सरळ धर," एवढंच म्हणते.

सव्वाअकराला मीटरवर शून्य.
पंप खळखळतो, दिवे ढिम्म.
ती कोपरापर्यंत हात धुते,
गालावर एक राखाडी ठिपका राहतो, मी सांगत नाही.
सगळीकडे उजेड
आणि मी अजून बॅटरी धरून उभा.

"विझव ती," सेंगा म्हणते. "आणि तो डबा,
सीटखालचा, अर्धा उरला असेल ना?
सकाळी मिस्टर मॅकलर्गना देऊन टाक.
त्यांचं फाटक रंगवायला झालंय.
फाटकात वायर नसते."